मगदूम सर लॅपटॉप चार्ज करतात

“आजपासून ह्या घरात एकच वायर! मोबाईलला तीच, बॅटरीला तीच, दाढीच्या मशिनला तीच, आणि लॅपटॉपलाही तीच!”

सोमवारी सकाळी कुंथुनाथ मगदूम सरांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या हातात बेळगावहून आणलेली नवी कोरी पॉवर बँक होती. अंगणात भंगारवाला उभा होता. त्याच्या गाडीवर घरातले आठही जुने चार्जर, वायरींचा गुंता होऊन, मेलेल्या सापांसारखे पडले होते. मोबदल्यात त्यानं एक निळी प्लास्टिकची बादली दिली होती, आणि सर ती अशी धरून उभे होते की जणू कुस्तीची गदाच जिंकून आणली!

सर काही ऐरेगैरे नव्हेत. निपाणीपासून बारा किलोमीटरवरच्या त्या गावातल्या हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. गावात कुणाचा मिक्सर जळू दे, पंप अडू दे, सर हजर! आता सर आल्यावर मिक्सर दुरुस्त व्हायचाच असं नाही. पण तो का जळला, हे मात्र घरातल्या पोरासोरांनासुद्धा पाठ व्हायचं.

त्यांच्या पत्नी त्रिशलाबाई त्याच शाळेत मराठी शिकवायच्या. बाईंनी निवृत्तीनंतर काय करावं? पीएच.डी.! निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबलेल्या बायकांची गाणी, हा विषय. सात वर्षं बाई जुना लॅपटॉप पिशवीत घालून दारोदार फिरल्या. बावीस गाणी गोळा केली, त्यांवर पाचशे पानं लिहिली. आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी तीन वाजता, त्यांची तोंडी परीक्षा होती. ऑनलाईन. बाहेरगावच्या परीक्षक बाई अतिशय कडक, अशी बातमी गाईडनीच फोन करून दिली होती. त्या बातमीनं बाईंची भूक दोन दिवस पळालेली.

आणि अशा मुहूर्तावर सरांनी लॅपटॉपचा चार्जर भंगारात घातला!

“अहो!” बाई ओरडल्या. “उद्या माझी परीक्षा आहे!”

“म्हणूनच दिला! हे बघ.” सरांनी लॅपटॉप उचलला. नऊ वर्षांचा तो लॅपटॉप. चालू केला की आतला पंखा उसाचा ट्रॅक्टर चढाला लागल्यासारखा ओरडायचा. त्याच्या कुशीला एक बारकं, लांबट भोक होतं. सरांनी त्यात पॉवर बँकेची वायर खुपसली. पिन टक्‌कन बसली, आणि पॉवर बँकेवरचे चार निळे दिवे एकामागून एक पळायला लागले.

“बघ, पळतायत! वीज चालली!”

“कुठं चालली?”

“कुठं म्हणजे? लॅपटॉपात!”

“पण लॅपटॉपवरचा तो बारका दिवा लागला नाही.”

“तो जुन्या चार्जरचा दिवा गं. टाइप-सीला त्याची गरज नाही,” सर म्हणाले आणि दोन मिनिटांत प्रयोग आटोपून बादली धुवायला गेले. भंगारवाला तोवर गाव सोडून गेलेला.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता लाईट गेली. सरांनी लाईनमनला फोन लावला. तिकडून घाईघाईत कानडीत उत्तर आलं, “सर, नाल्कूवरी!” आणि फोन बंद. म्हणजे साडेचार! परीक्षा तीनला, लाईट साडेचारला!

त्रिशलाबाई मटकन खुर्चीत बसल्या. लॅपटॉप उघडून पाहिला. ब्याऐंशी टक्के. जुनी बॅटरी. परीक्षा सुरू होऊन गाणी ऐकवायला लागलं की तासाभरात जीव सोडणार.

“मोबाईलवरनं देते मी परीक्षा.”

“नुसतं तोंड दाखवायचंय का तुला? बावीस गाणी, सगळे फोटो, सगळं ह्याच्यात. गाईड काय म्हणाले? सगळं पडद्यावर दिसलं पाहिजे,” सर शांतपणे म्हणाले. अशा प्रसंगी सर फारच शांत होतात. “आणि हे कशाला आणलंय मी?” त्यांनी पॉवर बँक पुढं केली. तिच्यावर दोनच दिवे होते, पण सरांच्या हिशोबी तेवढे रग्गड. “आत्ता दहा वाजलेत. तीनपर्यंत शंभर टक्के भरून ठेवतो. चालूच राहू दे, नुसतं झाकण मिटू. चालू यंत्र करंट लवकर ओढतं.”

वायर जोडली. दिवे पळायला लागले. बाई आतल्या खोलीत टिपणं घेऊन बसल्या. सर बाहेर पॉवर बँकेशेजारी, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे, वर्तमानपत्र घेऊन बसले.

सव्वाबाराला बाई एकदा उजळणी करावी म्हणून आल्या. झाकण उघडलं. आणि अशी किंकाळी फोडली की सरांच्या हातातलं वर्तमानपत्र दोन ठिकाणी फाटलं!

“एक्केचाळीस!”

“काय एक्केचाळीस?”

“टक्के! ब्याऐंशीचे एक्केचाळीस झाले!”

सर धावले. चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. एक्केचाळीस. बघता बघता चाळीस झाले! पण एकतीस वर्षं फळ्यापुढं उभा राहिलेला माणूस असा लगेच हार मानत नाही.

“करंट मुरतोय,” ते म्हणाले.

“काय?”

“जुनी बॅटरी आहे. नवा करंट आधी आत मुरतो, मग आकड्यात दिसतो. कोरड्या शेताला पाणी सोडलं की लगेच वर दिसतं का?” तेवढ्यात त्यांची नजर पॉवर बँकेवर गेली. तीन दिवे पूर्ण, चौथा लुकलुकत होता. सरांचा चेहरा उजळला. “आणि ही कंपनी बघ! दोन तास करंट दिला, तरी रिकामी व्हायच्याऐवजी भरलेलीच! ह्याला म्हणतात क्वालिटी!”

बाई त्यांच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. तसं बघणं सरांनी लग्नानंतर दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा पुढचे आठ दिवस वाईट गेले होते.

आरडाओरडा ऐकून शेजारचे आण्णाप्पा आले. त्यांचं किराणाचं दुकान. लाईट नसल्यानं गिऱ्हाईक नव्हतं.

“काय झालं, सर?”

“काही नाही, एक बँक कमी पडतीय. तुमच्याकडं आहे का?”

“हाय की! पर तिच्यात काय न्हाय बघा. कालपासनं मेल्यागत पडलीया.”

“आणा. थोडीफार तर असेल.”

आण्णाप्पांची बँक आली. सरांनी आपली काढून ती जोडली. मेलेल्या बँकेचा एक दिवा लागला, पळायला लागला.

“बघा! माणसाच्या हातावर असतं,” सर म्हणाले.

दीड वाजायला आला. सर अंगणात येरझाऱ्या घालत होते. पाठीमागं आण्णाप्पा एकदम ओरडले, “अरे बाप रे! सर! तीन दिवे!”

“कशाला?”

“माझ्या बँकेला! काल मेलती, आता तीन दिवे! लाईट न्हाय, काय न्हाय, आणि भरली? सर, तुमच्या घरात काय हाय म्हणायचं? घरातल्यांचे मोबाईल बी आणू काय?”

सर जागच्या जागी थबकले. डोक्यात काहीतरी वळवळलं, पण ते इतकं भयंकर होतं की त्याच्याकडं बघायची त्यांची छाती होईना. त्यांनी हळूच लॅपटॉपचं झाकण वर केलं.

बावीस टक्के!

त्यांनी वायर उपटली. निपाणीच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला त्यांचा जुना विद्यार्थी, श्रेयांस, त्याला फोन लावला. श्रेयांसला शाळेत विज्ञानात कायम छत्तीस मार्क. त्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली. मास्तरांना कसं सांगावं, हा त्याला प्रश्न पडला असावा.

“सर, रागवू नका. ते भोक टाइप-सीचंच हाय, पर जुन्या लॅपटॉपात त्यातनं करंट आत येत न्हाय. नुसता भाईर जातोय. मोबाईल चार्ज करायला दिलेलं असतंय ते.”

“म्हणजे?”

“म्हणजे सकाळपासनं तुमचा लॅपटॉप पॉवर बँकेला चार्ज करायलाय.”

“पण... वायर मी लॅपटॉपला लावली होती!”

“दोन्हीकडं सारखीच पिन न्हवं का सर. देणार कोण आणि घेणार कोण, ते त्येंचं ते आतल्या आत ठरवत्यात.”

“आणि ठरवलं?”

“ठरवलं की. सकाळी दहालाच.”

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं ज्यांनी फळ्यावर बाण काढून वीज कुठून कुठं जाते हे शिकवलं, त्यांच्या घरात वीज सकाळपासून उलटी वाहत होती, आणि ते शेजारी बसून तिचं कौतुक करत होते! सरांना त्या अंगणात पाय टेकायला जमीनच सापडेना.

“पॉवर बँकेतनं जुन्या चार्जरच्या गोल भोकात घालायची वायर येत नाही का रे?” त्यांनी शेवटचा तंतू धरला.

“येतीया. पर बँक वीस व्होल्टवाली लागती. तुमच्या बँकेवर किती लिवलंय?”

मुंगीएवढी अक्षरं. सरांनी बँक नाकाला लावली. “बारा.”

“मग ती मोबाईलपुरतीच, सर. असं करा, लॅपटॉप पार बंद करा आणि बाईंना घेऊन हितं दुकानात या. हितं लाईट हाय. गोल पिनेचे जुने चार्जर पडल्यात खोकंभर. एकतरी बसंल.”

सर आत गेले. बाई आरशापुढं इरकल नेसून, केसांत गजरा माळत होत्या. सरांना वाटलं, भूकंप व्हावा. वादळ यावं. काहीही व्हावं, पण हे वाक्य आपल्याला बोलायला लागू नये.

“त्रिशला, गाडीवर बस. निपाणीला जायचंय.”

“का?”

“वाटेत सांगतो.”

वाटेत त्यांनी सांगितलं. स्कूटर हायवेला लागली होती, वारा होता, आणि त्या वाऱ्याचा फायदा घेऊन सर जरा पुटपुटतच बोलले. पण बाईंना शब्द न् शब्द ऐकू गेला. लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून त्या मागं बसल्या होत्या. निपाणी येईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. सरांना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुकानात पोहोचले तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. श्रेयांसनं काउंटर मोकळा करून, मागं एक स्वच्छ चादर टांगून ठेवली होती. चार्जरचं खोकं उपडं केलं. पहिला चार्जर जाड. दुसरा बारीक. तिसरा आत गेला, पण लॅपटॉपवरचा दिवा लागला नि विझला, लागला नि विझला.

“केसभर सैल हाय,” श्रेयांस म्हणाला. “दाबून धरलं तर चालतंय. पर कुणीतरी धरूनच बसाय पायजे.”

दोघांनी सरांकडं पाहिलं.

ते गोल भोक लॅपटॉपच्या उजव्या बाजूला, अगदी मागं. उभं राहून धरलं तर माणूस कॅमेऱ्यात दिसणार. बाजूला बसायला जागा नाही. राहिली ती एकच जागा. निवृत्त विज्ञान शिक्षक कुंथुनाथ मगदूम इस्त्रीच्या पँटीसकट काउंटरखाली शिरले, मोबाईलच्या रिकाम्या खोक्यांमध्ये उकिडवे बसले आणि एक हात वर करून त्यांनी पिन दाबून धरली. वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा तो हात! दिवा लागला. लॅपटॉप सुरू झाला. एकवीस टक्के.

तीनला पडदा उजळला. कडक परीक्षक बाई दिसल्या. त्या खरंच कडक होत्या. नमस्काराला नुसती मान हलवली.

“सुरू करा.”

त्रिशलाबाई बोलायला लागल्या. आधी आवाज कापत होता, मग सुरात आला. बाहेर रिक्षा, वडापच्या जीपा, कुणाचा तरी हॉर्न, आणि मध्ये बाई वखारीतल्या त्या अंधाऱ्या खोल्या, ती नाकातोंडात जाणारी धूळ, ओळीनं बसून पानं निवडणाऱ्या बायका अशा सांगत होत्या, की काउंटरखाली बसलेल्या सरांना शिंक यायला लागली. शिंकले तर हात हलणार! त्यांनी नाक दंडात खुपसलं. तरी एकदा पिन निसटलीच. पडदा मंदावला.

“सर! हात!” श्रेयांस कुजबुजला.

सरांनी डोकं वर काढून चाचपलं, पिन परत लागली. मग बाईंनी एक गाणं लावलं. रेकॉर्डिंगमधला बाईचा आवाज दुकानात घुमला,

“भोंगा झाला वखारीचा, तान्हं झोळीत रडतं,
सांगू कुणाला गं बाई, माझ्या जिवाला नडतं...”

“ह्या गाण्यांचा मूळ सूर असहायतेचा आहे,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “माझा तिसरा अध्याय त्यावरच...”

“खोटं हाय ते!”

मोबाईलची बॅटरी बदलायला आलेली एक म्हातारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. जयाबाई. ती आता उठून उभी राहिली होती.

“काय?” बाई दचकून वळल्या.

“‘सांगू कुणाला’ न्हवं गं बाई! कुणी शिकवलं तुला? आमी म्हणायचो, ‘सांगा मुकादमाला बाई, आज काम हितं अडतं!’ तान्हं आजारी, आणि मुकादम सोडंना. मग सगळ्या बायकांनी हे गाणं म्हणत हात थांबिवलं. रडायचं गाणं न्हवं ते. काम बंद पाडायचं गाणं!”

त्रिशलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सात वर्षं! एकशेदहा पानांचा तिसरा अध्याय, आणि तो एका म्हातारीनं बॅटरी बदलता बदलता उडवला! काउंटरखाली सरांनी पिन आणखी घट्ट दाबली. सगळं माझ्यामुळं, त्यांना वाटलं. त्रिशला घरी असती तर ही म्हातारी आली नसती. परीक्षा नीट झाली असती.

पडद्यावरच्या परीक्षक बाई पुढं झुकल्या. “कोण आहेत त्या? त्यांना समोर बसवा.”

जयाबाई समोर बसली. परीक्षक बाईंनी विचारायला सुरुवात केली. किती साली? कुठली वखार? किती बायका? जयाबाईनं सगळं सांगितलं, आणि वर न विचारता अख्खं गाणं म्हटलं. तिचा आवाज फाटका होता, पण तिच्या मुठी आपोआप वळल्या होत्या. दारात गिऱ्हाईकं गोळा झाली. अर्धा तास गेला. सरांच्या हाताला मुंग्या आल्या. मग खांद्याला. मग खांदा आहे की नाही तेच कळेना.

शेवटी परीक्षक बाईंनी चष्मा काढला. “मगदूम बाई, आता तुमच्या तिसऱ्या अध्यायाचं काय?”

“तो चुकला, मॅडम. मला गाणं दुसऱ्या पिढीकडून मिळालं, मी मूळ बाई शोधायला कमी पडले. तो परत लिहिते.”

सरांनी ते खालून ऐकलं. नुसतं ‘चुकला’. त्यात मुरलं नाही, कोरडं शेत नाही, कंपनीचं नाव नाही. सकाळपासून आपल्याला हा एक शब्द का जमला नाही, असं त्यांना वाटलं, आणि उकिडव्या अवस्थेत त्यांचे डोळे उगीचच भरून आले.

“अशी सरळ कबुली मी परीक्षेत पहिल्यांदाच ऐकतीय,” परीक्षक बाई म्हणाल्या. त्या हसतसुद्धा होत्या! “तिसरा अध्याय दुरुस्त करून द्या. ह्या आजींचं नाव त्यात घाला. पदवीची शिफारस मी आजच करते.” मग त्या थांबल्या. “आणि मगाशी तुमच्या शेजारून एक पांढरं डोकं वर आलं होतं, ते कोण?”

“ते माझे मिस्टर. पिन धरून बसलेत.”

“किती वेळ?”

“सुरुवातीपासून.”

“काय करतात ते?”

“विज्ञान शिकवायचे,” त्रिशलाबाई म्हणाल्या.

वरती टाळ्या झाल्या. सरांना नीट ऐकू येत नव्हतं, कारण कुणाचा तरी पाय खोक्यावर पडून सगळी खोकी त्यांच्या अंगावर आली होती. पण हात? हात ढळला नाही! आता ही पिन सुटली तर आपण माणसातून उठलो, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. वर बडबड झाली, खुर्च्या सरकल्या, हसणं झालं. मग हळूहळू सगळं शांत झालं. परीक्षक बाई निकाल लिहीत असतील. सर दम धरून बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. गुडघे पेटले होते.

शेवटी त्यांना राहवेना. अगदी हळू आवाजात, वर ऐकू जाईल न जाईल असं त्यांनी विचारलं, “त्रिशला... संपलं का गं?”

काउंटरच्या कडेवरून जयाबाईचं तोंड खाली डोकावलं.

“कवाच संपलं की! बाई डाक्टर झाल्या. श्रेयांस समद्यांस्नी घेऊन च्याला गेलाय. मला म्हणाला, दुकान बघा.”

सर तसेच बसून राहिले. हात वरच होता.

“बसलायसाच न्हवं का तुमी अजून?” जयाबाईनं आपला मोबाईल आणि एक चार्जर खाली धरला. “मग माझी बी पिन जरा दाबून धरा की. लई सैल झालीया.”